रुपये १४,३७,६५० फक्त

एस्टिमेटच्या शेवटी पन्नास रुपये असले की माणूस फसतो. कुणी तोंडी "होतील चौदा-पंधरा लाख" म्हणालं तर आपण सावध होतो, भुवया वर करतो, आणखी दोन ठिकाणी चौकशी करतो. पण तोच आकडा १४,३७,६५० असा लेटरहेडवर छापून, खाली अक्षरी रक्कम आणि 'फक्त' लिहून हातात पडला, की वाटतं, ज्याने पन्नास रुपयांपर्यंत हिशेब पोचवला तो लाखांत कशाला चुकेल? आमचे साडू तर व्यवसायाने सीए. दुसऱ्याच्या ताळेबंदातले पन्नास रुपये जुळेपर्यंत जेवायला न उठणारा माणूस. त्यांनी त्या एस्टिमेटची बेरीज दोनदा तपासली. बरोबर आली. बेरीज नेहमीच बरोबर असते.

सदाशिव पेठेतल्या ज्या वाड्याच्या माडीवर त्यांचं ऑफिस होतं तो पुनर्विकासाला गेला, म्हणून त्यांनी नारायण पेठेत एका व्यापारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जागा घेतली. बाराशे चौरस फूट. म्हणजे बोलण्यात बाराशे. टेप लावली तेव्हा सातशे ऐंशी भरली. उरलेले चारशे वीस फूट शोधायला आम्ही दोघं जिना, लिफ्ट, पॅसेज आणि गच्चीचा कुलूपबंद दरवाजा इथवर फिरून आलो. त्या गायब फुटांना लोडिंग म्हणतात. २०१६च्या रेरा कायद्याने 'कार्पेट एरिया'ची व्याख्या करून ठेवली आहे. पण जुन्या इमारतीत सौदा अजून जिन्यासकटच होतो. साडूंना त्याचं विशेष वाईट वाटलं नाही. "इंटिरियर तर सातशे ऐंशीचंच करायचंय ना," ते म्हणाले, "तेवढी बचत." बजेट मांडायच्या दिवसांत माणसाला सगळीकडे बचतच दिसते.

डिझायनर मॅडम पहिल्या भेटीत विचारतात, "सर, बजेट काय धरलंय?" यावर गिऱ्हाइकाने म्हणायचं असतं, "तुम्हीच सांगा किती लागतील." त्यावर मॅडम म्हणतात, "तुम्ही म्हणाल त्यात बसवू." हा सामना बराच वेळ बरोबरीत चालतो, कारण आधी आकडा बोलणाऱ्याचा आकडा हा तळ ठरतो, हे दोघांनाही ठाऊक असतं. साडू दमले आणि म्हणाले, "दहापर्यंत." मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. आले ते चौदा सदतीस. मॅडमची फी एकूण खर्चाच्या दहा टक्के होती, त्यामुळे पुढे खर्च वाढत गेला तेव्हा आमच्यात त्या एकट्याच शांत राहू शकल्या.

एस्टिमेटच्या आधी थ्रीडी चित्र येतं. त्या चित्रात रिसेप्शनला कुंडीतलं झाड होतं, सोफ्यावर लॅपटॉप घेतलेली एक परदेशी बाई होती आणि खिडकीबाहेर निळंशार आकाश. खऱ्या खिडकीबाहेर समोरच्या इमारतीतल्या काकूंची वाळत घातलेली चादर आहे, पण तो मुद्दा सोडा. त्या चित्रात एकही फाइल नव्हती. सीएच्या ऑफिसात! कंपनी कायद्याप्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ वर्षं जपावी लागतात, आणि आपल्याकडचे क्लायंट ती स्वतःच्या घरी न ठेवता विश्वासाने सीएकडे ठेवतात. साडूंकडे तर ज्यांच्या मालकांचं वर्षश्राद्धही होऊन गेलंय अशा फर्मची बाडं आहेत. "फाइली कुठे जाणार?" असं मी विचारलं तेव्हा मॅडमनी सोफ्यावरच्या बाईकडे पाहिलं. बाई गेली, सोफा गेला आणि तिथे छतापर्यंत कपाटं आली. हा पहिला 'एक्स्ट्रा आयटम'.

एक्स्ट्रा आयटम ही या धंद्यातली खरी शेती. मूळ एस्टिमेट म्हणजे नुसता बांध. एस्टिमेटचं शेवटचं पान उघडा. तिथे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: वरील दरात जीएसटी, हमाली, राडारोडा उचलणे, कामासाठी लागणारी वीज व पाणी, एसी, डेटा केबल, अग्निशमन आणि सरकारी परवानग्या समाविष्ट नाहीत, प्रत्यक्ष मोजमापानुसार बिल होईल. म्हणजे चौदा सदतीसमध्ये काय येतं, तर हे सगळं सोडून जे उरतं ते. साडूंनी हे पान पाहिलं होतं, पण वाचलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ताळेबंदाखालच्या टिपा लिहिणारा माणूस स्वतःच्या वेळी टिपा वाचत नाही. डॉक्टरही स्वतःला साखर आहे का ते तपासत नाहीत म्हणतात.

हमालीचंच पाहा. प्लायचा ताव आठ बाय चार फुटांचा. इमारतीची लिफ्ट चार माणसांची, त्यातही एक हडकुळा हवा. ताव उभा, आडवा, तिरका, कसाही धरला तरी आत जात नाही. मग तो जिन्याने, डोक्यावर, मजल्याला अमुक इतके या दराने वर जातो. शंभराच्या आसपास ताव. काम संपल्यावर जुनी पार्टिशनं, फुटक्या फरश्या आणि पीओपीचे तुकडे पोत्यांत भरून त्याच जिन्याने, त्याच दराने खाली. थ्रीडी चित्रात जिना दाखवत नाहीत.

पुढचा सापळा 'बेसिक रेट'चा. एस्टिमेटात लिहिलेलं असतं: लॅमिनेट, बेसिक रेट प्रति शीट १,२०० रुपये. त्या दराचं लॅमिनेट दुकानात मिळत नाही असं कुणी म्हणेल तर ते खोटं आहे. मिळतं. मी पाहिलंय. त्याला एकच रंग असतो, आणि तो पाहून रांगेत उभं राहावंसं वाटतं. मग दुकानदार हळूच दुसरा कॅटलॉग काढतो. त्यातलं प्रत्येक पान अठराशेच्या पुढे. तुम्ही पसंत केलेला नमुना बंद झालेला असतो, आणि त्याच्यासारखाच दिसणारा चोवीसशेला. फरकाची रक्कम गिऱ्हाइकाच्या अंगावर. फरशीचा बेसिक रेट, नळाचा बेसिक रेट, दिव्याचा बेसिक रेट. सगळं एस्टिमेट अशा दरांवर उभं असतं, ज्या दरात कुणीच काही विकत घेतलेलं नाही.

भवानी पेठेच्या टिंबर मार्केटात प्लाय घ्यायला मीही गेलो होतो. प्लायवर शिक्का असतो. आयएस ३०३ म्हणजे साधा, कोरड्या जागी चालणारा किंवा थोडंफार पाणी सोसणारा. आयएस ७१० म्हणजे मरीन, उकळत्या पाण्यातही थर न सुटणारा, होड्यांना वापरतात तो. पण पुण्याला समुद्रकिनारा लाभल्यासारखं तिथे जो तो मरीनच दाखवतो. साडूंनी विचारलं, "नारायण पेठेत मरीन कशाला?" आमच्याबरोबर इमारतीच्या सोसायटीचे सेक्रेटरी आले होते, वय ऐंशीच्या पुढे. ते गंभीरपणे म्हणाले, "बारा जुलै एकसष्टला पानशेत फुटलं तेव्हा आम्हीही असंच म्हणालो होतो." तिसऱ्या मजल्यावर पाणी कसं येईल, हे त्यांना विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. मरीन आलं. मिस्त्रीने ताव वाजवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, अंदरसे सब एकच असतंय."

एवढं असूनही मोठा खर्च मटेरियलने वाढत नाही. तो एका वाक्याने वाढतो: "आता करतोच आहोत तर…" मराठी माणूस एरवी पैसे जपून खर्च करतो. दोन रुपयांच्या कोथिंबिरीसाठी पलीकडच्या गल्लीत जातो. पण एकदा भिंतीवर हातोडा पडला की त्याच्या अंगात येतं. साडूंच्या ऑफिसात हे फरशीपासून सुरू झालं. जुनी मोझॅक फरशी धडधाकट होती, पण नव्या पार्टिशनशेजारी ती विधवेसारखी दिसते असं धाकट्या पार्टनरच्या बायकोला वाटलं. आता करतोच आहोत तर फरशीही करू. जुनी उखडायची तर राडारोडा, म्हणून तिच्यावरच नवी टाइल चिकटवली. त्याने जमीन बोटभर वर आली. बोटभर वर आल्यावर एकही दार उघडेना. दारं खालून कापली. कापल्यावर कडांचं लॅमिनेट सुटलं. आता लॅमिनेट करतोच आहोत तर दोन्ही बाजूंनी करू. नवी दारं झाल्यावर जुन्या चौकटी दिसायला लागल्या. चौकटी बदलताना भिंतीचा गिलावा निघाला. गिलावा करतोच आहोत तर… एका बाईच्या एका वाक्याचे दोन लाख दहा हजार झाले, आणि ती त्यानंतर त्या ऑफिसात फक्त उद्घाटनाला आली.

पार्टनरांच्या बैठका हा वेगळाच आनंद होता. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५०च्या दशकात एका समितीचं वर्णन केलं आहे. ती एक कोटी पौंडांची अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि कारकुनांच्या सायकलींच्या शेडवर पाऊण तास भांडते, कारण अणुभट्टी कुणालाच कळत नाही आणि सायकल सगळ्यांना कळते. इथे 'इलेक्ट्रिकल काम, लमसम, दोन लाख ऐंशी हजार' या ओळीवर तिघांनीही मान डोलावली. त्यानंतर कपाटाच्या हँडलवर तास गेला. हँडल चाळीस रुपयांचं घ्यायचं की एकशे दहाचं. तिन्ही पार्टनरांनी आळीपाळीने हवेत अदृश्य कपाटं उघडून पाहिली. थोरल्या पार्टनरांचा मुद्दा असा की उभं हँडल शर्टाच्या बाहीत अडकतं. शेवटी हँडलच नको, नुसती खाच ठेवा असं ठरलं, आणि खाच करायची मजुरी एकशे तीस निघाली.

लमसम इलेक्ट्रिकलचा उलगडा एसी बसवताना झाला. दीड टनाचे तीन. साडूंना वाटत होतं टन म्हणजे एसीचं वजन, आणि छत पेलेल का याची त्यांनी मनापासून काळजी केली होती. टन हे बर्फाच्या जमान्यातलं माप आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी, म्हणजे ताशी १२,००० बीटीयू. असे साडेचार टन बर्फ रोज वितळवायला वीज किती लागेल, हे मॅडमनी गृहीत धरलं होतं, इलेक्ट्रिशियनने मॅडमनी पाहिलं असेल असं गृहीत धरलं होतं, आणि मीटर पाहायला कुणीच गेलं नव्हतं. त्या जागेत पूर्वी टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चार पंखे, सहा ट्यूबलाइट आणि हाताने बडवायची यंत्रं. मंजूर भार त्या हिशेबाचा. तिन्ही एसी एकदम लावले आणि इमारतीचा पूर्ण मजला अंधारात गेला. शेजारचे दाताचे डॉक्टर हातात पकड घेऊनच बाहेर आले. मग भार वाढवायचा अर्ज, थ्री फेजचं मीटर, खालपासून वरपर्यंत नवी जाड केबल, नवा बोर्ड. हे सगळं 'लमसम'मध्ये येत नाही असं कळलं. लमसममध्ये काय येतं, ते अजून कळलेलं नाही.

जीएसटीची गोष्ट मात्र साडूंच्या हातातली होती. कामावर अठरा टक्के. एरवी इनपुट क्रेडिट घेता येतं, पण स्थावर मालमत्तेचं बांधकाम, ज्यात नूतनीकरणही धरलं आहे, भांडवली खर्चात दाखवलं की कलम १७(५) ते क्रेडिट अडवतं. जंगम फर्निचरचं मात्र मिळतं. भिंतीला पक्कं बसवलेलं कपाट कुठे जाणार नाही, आणि क्रेडिटही येणार नाही. साडू रात्रभर विचार करून आले आणि मॅडमना म्हणाले, "सगळ्याला चाकं लावता येतील का?" मॅडमनी विनोद समजून हसून घेतलं. पण त्यांचा चेहरा पाहून त्या परत शांत झाल्या. त्या आठवड्यात साडू प्रत्येक वस्तूकडे घसाऱ्याच्या दराने बघत होते. टेबल दहा टक्के, एसी पंधरा, कॉम्प्युटर चाळीस. मी खुर्चीत बसलो होतो तेव्हा त्यांनी माझ्याकडेही जरा जास्त वेळ पाहिलं.

खर्च एकोणिसाच्या पुढे गेला तेव्हा त्यांना धीर द्यायला मी सिडनीच्या ऑपेरा हाउसची गोष्ट सांगितली. अंदाज सत्तर लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा, १९६३ला पूर्ण व्हायचं होतं. उघडलं १९७३ला, खर्च दहा कोटी वीस लाख. मध्येच १९६६ला आर्किटेक्ट उट्झॉन काम सोडून गेले आणि परत कधी ती इमारत पाहायलाही आले नाहीत. साडूंना बरं वाटू लागलं होतं. मग त्यांनी विचारलं, "पैसे कुठून आणले?" मी म्हटलं, "सरकारने लॉटरी काढली." ते पुन्हा खिन्न झाले.

वेळापत्रकाचं तर विचारूच नका. बेत साधा होता: ३१ जुलैला रिटर्नची गर्दी ओसरली की काम सुरू, दसऱ्याला उद्घाटन. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, शिवाय शस्त्रपूजनाला कॅल्क्युलेटर असतोच. पण या दोन तारखांच्या मध्ये काय काय आहे ते कॅलेंडर बघूनही कुणाला दिसलं नव्हतं. आधी गणपती. त्या दहा दिवसांत संध्याकाळी पेठेत टेम्पो आणायचा म्हणजे त्याला ढोल-ताशा पथकात भरती करावं लागेल. मग पितृपक्ष. साडूंच्या आईंनी पंधरा दिवस खिळासुद्धा विकत आणू दिला नाही. सुतार उत्तर प्रदेशातले, त्यांना पितृपक्षात काम करायला हरकत नव्हती. पण खिळ्यांशिवाय ते काय करणार, बसून राहिले, आणि बसल्याची रोजी लागली. त्याच पंधरवड्याच्या आसपास ३० सप्टेंबर, टॅक्स ऑडिटची तारीख. म्हणजे ज्यांनी निर्णय घ्यायचे ते तिन्ही पार्टनर फायलींच्या ढिगात. मग नवरात्र. तेव्हा पीओपीचे कारागीर बंगालचे निघाले, आणि दुर्गापूजेला घरी गेले नाहीत तर आई घरात घेणार नाही असं त्यांनी सांगितलं. छत अर्धं झालं होतं. मिस्त्री म्हणाला, "साहेब, दिवाळीनंतर फर्स्ट क्लास करतो." दिवाळीनंतर सुतारांची छठपूजा.

एक सांगायला हवं, की या उशिराने साडू खचले नाहीत. सीएंना मुदतवाढीची सवय असते. शेवटच्या रात्री परिपत्रक येतं आणि तारीख महिनाभर पुढे जाते, हा त्यांचा वार्षिक अनुभव. मिस्त्रीच्या तोंडून ते परिपत्रक दर शनिवारी येत होतं, इतकाच फरक. एका बाबतीत तर बजेटच्या खालीही आलो. मॅडमनी दारावर चमकणारी एलईडी अक्षरं सुचवली होती, पंचेचाळीस हजारांची. साडू म्हणाले, व्यापाऱ्यांसारखी झगमगती पाटी लावणं आमच्या इन्स्टिट्यूटच्या आचारसंहितेत बसत नाही. साधी पितळी पाटी आली. त्या पंचेचाळीस हजारांच्या बचतीचं त्यांना इतकं कौतुक वाटलं की त्या आनंदात त्यांनी कॉन्फरन्स रूमला काचेची भिंत घ्यायला होकार दिला.

शेवटी दसऱ्याला अर्ध्या छताखालीच उद्घाटन झालं. उरलेल्या अर्ध्यावर झेंडूच्या माळा सोडल्या होत्या, आणि आलेल्या पाहुण्यांनी त्या डिझाइनचं खूप कौतुक केलं. सगळी बिलं आली तेव्हा आकडा बावीस लाखांच्या जरासा वर गेला होता. साडूंनी पाच टक्के रक्कम राखून ठेवली आहे, ड्रॉवर सरळ सरकेपर्यंत द्यायची नाही म्हणून. त्यामुळे मिस्त्री दर शनिवारी येतो, ड्रॉवर काढतो, बसवतो, चहा घेतो. ड्रॉवर पुढच्या शनिवारपर्यंत टिकतो.

गेल्या वेळी तो चहा पिताना म्हणाला, "साहेब, मला नोटीस आलीय. तीन वर्षांची रिटर्नं राहिलीत. तुम्हीच भरून टाका ना. किती होतील?" साडूंनी त्याला त्यांच्या पद्धतीप्रमाणे फर्मच्या लेटरहेडवर कोटेशन दिलं, दोन पानी. वर रक्कम, शेवटी पन्नास रुपये, खाली अक्षरी. मिस्त्रीने पहिलं पान उघडलंसुद्धा नाही. सरळ शेवटचं पान काढलं, चष्मा लावला, आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली: "'नोटिशीला उत्तर, सुनावणी, अपील, दंड, व्याज समाविष्ट नाही…' साहेब, मग ह्याच्यात आहे काय?"